सार्कॉइडोसिसची डायरी ठेवणारं अ‍ॅप: तारखेचा रकाना, ऋतूंचं पान आणि चक्राकार आलेख

सार्कॉइडोसिस (शरीरात, बहुतेकदा फुप्फुसांत आणि लसिका गाठींत, दाहाच्या पेशींचे बारीक पुंजके होणारा आजार) असलेल्या माणसाने फोनवर लक्षणांची डायरी ठेवावी का, आणि मी वापरते ते अ‍ॅप त्यासाठी घ्यावं का? दोन्हींना माझं उत्तर हो आहे. मात्र त्यातली एक सोय घेतल्या घेतल्या बंद करावी आणि एक तारीख जुने कागद धुंडाळून स्वतः भरावी. असं का, हे सविस्तर सांगते, कारण अ‍ॅपच्या वर्णनात यातलं काहीच नाही.

अ‍ॅपचं नाव मुद्दाम देत नाही. अशी अ‍ॅप्स सारखी रूप बदलतात, आणि मी जे तपासलं ते तुम्हाला कुठल्याही अ‍ॅपमध्ये तपासून बघता येईल. हे दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांसाठीचं सर्वसाधारण अ‍ॅप आहे. यादीतून आपला आजार निवडायचा आणि रोजची लक्षणं, औषधं, तपासण्यांचे आकडे भरत जायचे. पैसे भरून घेतलेल्या आवृत्तीत आलेख मिळतात, डॉक्टरांना द्यायचा अहवाल मिळतो आणि ‘तुमचा ऋतू ओळखा’ असं एक पान मिळतं. मी वर्गणी भरली ती त्या पानासाठी. मी संख्याशास्त्र शिकवते. आपल्याला झालेला आजार वसंतात जास्त सुरू होतो असं वाचल्यापासून तो विषय माझ्या डोक्यातून जात नव्हता.

माझी सुरुवात लोफग्रेन प्रकारची होती. आधी घोटे सुजले, दोन्ही एकदमच, इतके की जिना उतरताना कठड्याला धरून आडवं उतरावं लागायचं. मग ताप आला. मग दोन्ही नडग्यांवर लाल, गरम, टणक गाठी उठल्या. त्यांच्यावर चादर टेकली तरी कळ जायची. पुढच्या दिवसांत त्यांचा लाल रंग जांभळा झाला, मग मुका मार लागल्यावर येतो तसा हिरवट-पिवळा, आणि मग त्या विरल्या. त्या फुटल्या नाहीत की मागे वण राहिला नाही. या गाठींना एरिथेमा नोडोसम म्हणतात. छातीच्या एक्स-रेमध्ये फुप्फुसांच्या मुळाशी दोन्ही बाजूंच्या लसिका गाठी मोठ्या दिसल्या. हे सगळं एकत्र येतं तेव्हा त्याला लोफग्रेन सिंड्रोम म्हणतात. स्वेन लोफग्रेन हे स्वीडनचे डॉक्टर, त्यांनी १९४६ साली एरिथेमा नोडोसमच्या रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता. या प्रकारातले बहुतेक रुग्ण दोन वर्षांच्या आत आपोआप बरे होतात. माझा आजार मात्र शांत होऊन पुन्हा उलटला, डोळ्यांत आणि फुप्फुसात, आणि मग प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू करावं लागलं. डायरी ठेवायची गरज तेव्हापासूनची.

आता अ‍ॅपकडे येते. पहिल्यांदा उघडलं की ते विचारतं, निदान कोणत्या तारखेला झालं? हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘लक्षणं कधी सुरू झाली’ हा रकाना आहे, पण तो ‘अधिक माहिती’च्या आत, खाली, ऐच्छिक म्हणून ठेवलेला. तो रिकामा सोडला तर अ‍ॅप निदानाची तारीख हीच सुरुवात धरून पुढचे सगळे आलेख काढतं, आणि तसं केल्याचं कुठे सांगतही नाही.

या एका गोष्टीवर मी एवढी अडून बसते याचं कारण आहे. सार्कॉइडोसिसमध्ये या दोन तारखांमधलं अंतर काही दिवसांचं असू शकतं किंवा काही वर्षांचंही. कोणाला नुसता कोरडा खोकला येत राहतो, कोणाला चढावर धाप लागते, कोणाला काहीच होत नाही आणि नोकरीच्या तपासणीतल्या एक्स-रेमध्ये अचानक गाठी दिसतात. मग सीटी स्कॅन, ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनळीत नळी घालून पाहणं), बायोप्सी (तुकडा काढून तपासणं), मध्ये क्षयरोग नाही ना याची खात्री, कारण ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींचे ते पुंजके, दोन्हींत दिसतात. एवढं सगळं होऊन निदानाचा शिक्का बसतो तो महिना रुग्णाच्या शरीरापेक्षा तपासणीच्या रांगेबद्दल जास्त सांगतो. सुट्टीच्या महिन्यांत बायोप्सी कमी होतात, सुट्ट्या संपल्या की साठलेल्या एकदम होतात. त्या तारखांचा आलेख काढला तर चढउतार दिसेलही, पण तो दवाखान्याच्या वेळापत्रकाचा.

ऋतूंचा माग ज्या अभ्यासांत लागला, ते बहुतेक अशा रुग्णांवर उभे आहेत ज्यांची सुरुवात धडाक्याने झाली होती. स्पेनमधल्या डॉक्टरांनी १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात रुग्ण ऋतूनुसार एकवटतात असं कळवलं, ग्रीसमधून १९९१ साली तसंच निरीक्षण त्याच नियतकालिकात आलं, आणि दोन्हीकडे जोर वसंताकडे होता. नेदरलँड्समध्ये लायडनच्या २००२ सालच्या अभ्यासात सांध्यांच्या दुखण्याने सुरू होणारा सार्कॉइडोसिस मार्च ते जुलै या काळात एकवटलेला दिसला. त्याच अभ्यासातून निदानासाठी चार खुणा पुढे आल्या: दोन्ही घोट्यांना सारखी सूज, लक्षणं सुरू होऊन दोन महिन्यांपेक्षा कमी काळ, वय चाळिशीच्या आत, आणि एरिथेमा नोडोसम. यातली दुसरी खूण पुन्हा वाचा. सुरुवात ताजी असणं हीच तिथे अट आहे. ज्या आजाराला सुरुवातीचा दिवस सांगता येतो, त्यालाच ऋतू सांगता येतो. रेंगाळत आलेल्या फुप्फुसाच्या सार्कॉइडोसिसला कदाचित ऋतू असेलही, पण त्याचा दिवस हाती नसल्यामुळे तो दिसणार कसा?

मला सगळ्यात पटणारा पुरावा न्यूझीलंडचा. तिथून १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एरिथेमा नोडोसमने सुरू होणारे रुग्ण वसंताच्या सुमारास एकवटलेले दिसले. दक्षिण गोलार्धातला वसंत म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर. महिने उलटे झाले आणि ऋतू तोच राहिला. कॅलेंडरमुळे, परिषदांच्या वेळापत्रकामुळे किंवा आर्थिक वर्षाच्या हिशेबामुळे हा आकार येत असता, तर तो गोलार्धासोबत फिरला नसता.

म्हणून सांगते, हे किंवा असं कुठलंही अ‍ॅप घेतलंत तर पहिल्याच दिवशी तो लपलेला रकाना उघडा. जुने मेसेज पाहा, रजेचे अर्ज पाहा, केमिस्टकडच्या पावत्या पाहा. माझी तारीख मला एका फोटोच्या मागे असलेल्या माहितीतून मिळाली. नडगीचा फोटो काढून बहिणीला पाठवला होता, ‘हे काय चावलंय बघ’ म्हणून.

तारीख भरताना अ‍ॅपची दुसरी उणीव समोर येते. ते पूर्ण तारीख मागतं, दिवस, महिना, वर्ष. ज्याला फक्त ‘त्या पावसाळ्याच्या आधी कधीतरी’ एवढंच आठवतं, तो महिन्याची १ तारीख टाकून मोकळा होतो. तारखेशेजारी ‘नक्की दिवस’, ‘साधारण आठवडा’, ‘साधारण महिना’, ‘आठवत नाही’ असे चार पर्याय ठेवले असते तर काम झालं असतं. मी तसं अ‍ॅपवाल्यांना लिहिलं आहे. ही बारीक गोष्ट नाही. ते अ‍ॅप वापरणाऱ्यांची माहिती, परवानगी घेऊन, नाव काढून संशोधनासाठी देतात. अंदाजाने टाकलेल्या तारखा आणि खात्रीच्या तारखा एकाच पिशवीत गेल्या तर जे शोधायचं आहे तेच पुसट होणार. शिवाय डायरी ठेवायचा संकल्प लोक जानेवारीत करतात. निदानाची तारीखही आठवत नसली की नोंदणीचा महिनाच भरला जातो. मग जानेवारीत एक उंच सुळका दिसेल आणि त्याचा सार्कॉइडोसिसशी काहीही संबंध नसेल.

आता चांगली बाजू, आणि ती खरोखर चांगली आहे. आलेखांच्या पानावर बारा महिन्यांचे खांब असतात, तसे ते सगळीकडे असतात. पण कोपऱ्यातल्या छोट्या चिन्हावर बोट ठेवलं की तेच खांब चक्रावर गुंडाळले जातात. जानेवारी डिसेंबरच्या शेजारी येतो. हे ज्याने केलं त्याला विषय कळला आहे. सरळ पट्टीवर काढलेल्या आलेखात डिसेंबर-जानेवारीतली गर्दी दोन टोकांना फाटते आणि दोन्ही टोकं साधारणच वाटतात. चक्रावर ती एकाच जागी दिसते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५८ साली क्रिमियाच्या युद्धातले सैनिकांचे मृत्यू महिन्यांच्या पाकळ्यांत मांडले होते, ते याच जातीचं चित्र. ऋतूंच्या संख्याशास्त्रातली एक जुनी चाचणीही हाच विचार करते. जे. एच. एडवर्ड्स यांनी ती १९६१ साली मांडली. सायकलच्या चाकाच्या कडेवर बारा ठिकाणी त्या त्या महिन्याच्या रुग्णसंख्येनुसार वजनं लावा. वर्षभर रुग्ण सारखे येत असतील तर चाक कुठेही थांबेल, एखाद्या ऋतूत जास्त येत असतील तर जड बाजू खाली जाईल. प्रत्यक्षात संख्यांचं वर्गमूळ घेतात, पण कल्पना एवढीच. मी हे वर्गात शिकवते आणि आता अ‍ॅपचा पडदा मुलांना दाखवते, आकडे माझे असतात हे न सांगता.

चक्राच्या आलेखात एक बारीक चूक आहे, ती दुरुस्त व्हावी. ते महिन्याची नुसती बेरीज दाखवतं. फेब्रुवारीचे दिवस २८, जुलैचे ३१. रोज अगदी सारखाच त्रास असेल तरी जुलैची पाकळी फेब्रुवारीपेक्षा सुमारे ११ टक्के मोठी दिसणार. दिवसांनी भागलं की झालं.

आता ज्या पानासाठी मी वर्गणी भरली, ते ‘तुमचा ऋतू ओळखा’. इथे माझं अ‍ॅपशी मतभेद नाही, सरळ भांडण आहे.

ते पान तुमच्या रोजच्या त्रासाच्या रेषेमागे तापमान, आर्द्रता आणि हवेतले परागकण यांच्या रेषा आपोआप काढतं आणि वर ठळक अक्षरांत निष्कर्ष लिहितं. माझ्या पानावर आलं होतं: ‘तुमचा त्रास परागकणांशी जुळतो.’ वाचून क्षणभर कोणालाही वाटेल, सापडलं कारण! मुखपट्टी लावायची, खिडक्या बंद करायच्या, अ‍ॅलर्जीच्या गोळ्या आणायच्या. आणि यातलं काहीच त्या रेषांवरून ठरत नाही.

पहिलं म्हणजे, वसंतात वाढणाऱ्या गोष्टी शेकडो असतात. ऊन वाढतं, दिवस मोठा होतो, माणसं बाहेर पडतात, बागकाम सुरू होतं, हिवाळ्यातल्या विषाणूंची साथ ओसरते, परीक्षा येतात. यातली कुठलीही दोन एकमेकांशी जुळतील. एका माणसाच्या मोजक्या वर्षांच्या नोंदींतून त्यातलं कारण कोणतं आणि सोबती कोण, हे वेगळं करता येत नाही. परागकणांचं तर जुनं उदाहरणच आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत पाइनच्या परागकणांवर संशय घेतला गेला होता, कारण सार्कॉइडोसिसचे रुग्ण जिथे जास्त दिसत तो आग्नेयेकडचा भाग पाइनच्या जंगलांचा. नकाशे एकावर एक छान बसत होते. पुढे तो संशय टिकला नाही.

दुसरं आणि माझ्या मते मोठं: अ‍ॅप दोन वेगळे प्रश्न एकच समजतं. आजार सुरू कधी होतो हा एक प्रश्न. सुरू झालेला आजार कधी उसळतो हा दुसरा. वर सांगितलेले अभ्यास पहिल्या प्रश्नाचे आहेत. सुरुवात माणसाच्या आयुष्यात एकदाच होते. एका बिंदूला ऋतू नसतो. शेकडो माणसांचे बिंदू एका चक्रावर ठेवले की मग त्यात वसंत दिसतो. वसंत हा त्या शेकड्यांचा गुण आहे, माझा किंवा तुमचा नव्हे. माझी सुरुवात वसंतात झाली नसती तरी ते अभ्यास खरेच राहिले असते, आणि झाली म्हणून माझ्याबद्दल काही सिद्ध होत नाही. मला माझ्या डायरीतून माझा ऋतू ‘ओळखता’ येणार नाही. मी फार तर माझा बिंदू नीट, खरा, योग्य तारखेवर ठेवू शकते. हे काम लहान वाटेल, पण कारण शोधणाऱ्यांना नेमकं तेच हवं असतं.

याचं एक ठसठशीत उदाहरण न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचं आहे. वर्ल्ड ट्रेड सेंटर कोसळल्यानंतरच्या पहिल्या वर्षातच त्या दलातल्या १३ जणांना सार्कॉइडोसिससारखा ग्रॅन्युलोमाचा आजार झाल्याचं आढळलं, आणि हे प्रमाण आधीच्या वर्षांच्या कितीतरी पट होतं. तिथे धुळीशी संपर्काचा दिवस माहीत होता, ११ सप्टेंबर २००१. कर्मचाऱ्यांच्या आरोग्याच्या नोंदी आधीपासून ठेवलेल्या होत्या. म्हणून संबंध दिसला. याउलट अमेरिकेतल्या दहा केंद्रांनी मिळून केलेल्या ‘अ‍ॅक्सेस’ या मोठ्या अभ्यासात ७०६ नवे रुग्ण आणि तितकेच तुलनेसाठी घेतलेले लोक होते. २००४ साली निष्कर्ष आले. शेतीतलं काम, कीटकनाशकं, बुरशी आणि कुबट वासाच्या जागा यांच्याशी थोडा थोडा संबंध दिसला, एक ठाम कारण कुठलंच मिळालं नाही. क्षयरोगाच्या जंतूच्या भाईबंदांवर आणि त्वचेवर राहणाऱ्या क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस या जिवाणूवरही बराच काळ संशय आहे. बहुधा अनुवंशाने तयार असलेल्या शरीराला बाहेरून काहीतरी ठिणगी लागते, आणि त्या ठिणग्या एकाहून जास्त असाव्यात. वसंताचं निरीक्षण मोलाचं ठरतं ते इथे, ते बाहेरच्या ठिणगीकडे बोट दाखवतं. ती कुठली, हे फोन सांगू शकत नाही.

म्हणून ते पान बंद करा. सेटिंगमध्ये ‘हवामानाशी तुलना’ आहे, तिथून जातं.

ते बंद केल्यावर उरलेल्या आलेखांत एक रत्न आहे आणि त्याची कुठे जाहिरात नाही: औषधाचा डोस मागे राखाडी पट्ट्यासारखा दाखवण्याची सोय. सार्कॉइडोसिसमध्ये प्रेडनिसोलोन साधारण दिवसाला २० ते ४० मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि मग महिन्यांच्या हिशेबाने हळूहळू उतरवतात. उतरवताना एका टप्प्यावर पुष्कळांचा आजार डोकं वर काढतो. आता समजा गोळ्या पावसाळ्यात सुरू झाल्या, तर उतार उन्हाळ्याच्या सुमारास येईल आणि त्रासही तेव्हाच. रुग्ण म्हणेल, मला उन्हाळा बाधतो. राखाडी पट्टा सुरू केला की दिसतं, त्रासाची रेषा ऋतूच्या नव्हे, डोसच्या मागे चालली आहे. माझ्या आलेखात खोकला आणि धाप दोन्ही पट्टा अरुंद झाल्यावर वाढलेली स्पष्ट दिसली. डॉक्टरांनी ते पान बराच वेळ पाहिलं आणि पुढचा डोस ज्या गतीने कमी करायचा होता ती बदलली. अख्ख्या अ‍ॅपचे पैसे मला तिथे वसूल झाले असं वाटतं.

ऋतू एकट्या रुग्णालाही खरोखर भिडतो अशी एक जागा मात्र आहे, आणि तिथे अ‍ॅपने चिंता वाटावी असं काम केलं होतं. ती जागा म्हणजे रक्तातलं कॅल्शियम.

निरोगी माणसात ड जीवनसत्त्वाचं शेवटचं, प्रभावी रूप मुख्यतः मूत्रपिंडात तयार होतं आणि शरीर त्यावर कडक लगाम ठेवतं. सार्कॉइडोसिसमध्ये ग्रॅन्युलोमातल्या मॅक्रोफेज पेशी (रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या भक्षक पेशी) तेच रूप स्वतः बनवू लागतात आणि त्यांना तो लगाम लागू होत नाही. १९८१ साली, मूत्रपिंडं नसलेल्या एका सार्कॉइडोसिसच्या रुग्णातही रक्तातलं कॅल्शियम वाढल्याचं नोंदलं गेलं, म्हणजे ते जीवनसत्त्व दुसरीकडे कुठेतरी तयार होत होतं. १९८३ साली फुप्फुसातल्या मॅक्रोफेज पेशी हे काम करतात असं प्रयोगशाळेत दाखवलं गेलं. त्वचेवर ऊन पडलं की कच्चा माल वाढतो आणि या पेशी तो सगळा वापरतात. उन्हामुळे या रुग्णांचं कॅल्शियम चढतं हे १९६० च्या दशकापासून माहीत आहे. सगळ्यांचं चढतं असं नाही. रक्तात वाढ थोड्यांनाच होते, लघवीतून जास्त जाणं त्याहून बऱ्याच जणांत आढळतं. पण ज्यांचं चढतं त्यांना खूप तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, गळून जाणं आणि पुढे मुतखडा, मूत्रपिंडांना इजा इथपर्यंत जाऊ शकतं.

आणि अ‍ॅपच्या ‘आजची सूचना’मध्ये काय यायचं? ‘थकवा जाणवतोय? सकाळच्या उन्हात बसा. ड जीवनसत्त्वाची गोळी सुरू करण्याचा विचार करा.’ ही सूचना सगळ्या आजारांना सरसकट जात होती. सार्कॉइडोसिस निवडलेल्या माणसालाही. थकवा हे आमचं रोजचं लक्षण, त्यामुळे सूचना रोज यायची. त्यात आणखी एक फसगत आहे: या आजारात नेहमीच्या तपासणीतलं साठवणीचं ड जीवनसत्त्व कमी दिसू शकतं, कारण ते भराभर प्रभावी रूपात बदललं जात असतं. कमी आकडा पाहून कोणी मोठ्या डोसच्या गोळ्या घेतल्या तर कॅल्शियम उसळू शकतं. गोळी घ्यायची की नाही हे दोन्ही रूपांची तपासणी, रक्तातलं आणि लघवीतलं कॅल्शियम पाहून डॉक्टरांनीच ठरवायचं. कोणाला खरोखर गरजही असते, विशेषतः स्टेरॉइडमुळे हाडं ठिसूळ होत असतील तर. पण फोनने सुचवायची ही गोष्ट नव्हे.

मी हे सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं, आभार मानणारं, आणि नंतरच्या आवृत्तीत सार्कॉइडोसिस निवडणाऱ्यांना ती सूचना येणं थांबलं. त्याबद्दल मी त्यांना मनापासून गुण देते. तक्रार वाचणारं कोणीतरी तिथे बसलं आहे. तुमच्या अ‍ॅपमध्ये अशी सूचना येत असेल तर तुम्हीही लिहा, गप्प बसू नका.

कॅल्शियमच्या बाबतीत अ‍ॅपची खरी सोय आहे ती तपासण्यांच्या रकान्यात. रक्ताचा आकडा टाकला की तो चक्राच्या आलेखावर महिन्याच्या जागी बसतो. शेजारी ‘आज उन्हात किती वेळ’ हा रकाना भरत गेलं की निदान डॉक्टरांशी बोलायला काहीतरी ठोस असतं. उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा आणि भर उन्हाळ्यात एकदा कॅल्शियम तपासायचं असं आमचं ठरलं ते यावरूनच.

बाकी गोष्टी थोडक्यात. थकव्याची पट्टी शून्य ते दहा आहे, चालते. डोळ्यांसाठी फक्त ‘डोळे दुखणे’ आहे. लाली, उजेड सहन न होणं, धूसर दिसणं वेगळं नोंदवता यायला हवं, कारण यूव्हिआयटिस (डोळ्याच्या आतला दाह) लवकर पकडला तरच नजर वाचते. छातीत धडधड आणि चक्कर यांची नोंद केली की अ‍ॅप लगेच डॉक्टरांना भेटायला सांगतं. हे बरोबर केलं आहे, सार्कॉइडोसिस हृदयात शिरला तर ठोक्यांची लय बिघडते आणि तिथे थांबून चालत नाही. घरी फुंकायच्या स्पायरोमीटरचा (फुप्फुसांची ताकद मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा हाताने भरावा लागतो, आपोआप येत नाही. मला ते उलट बरं वाटतं. आळसात मारलेली फुंकर कुठली आणि पूर्ण दम लावून मारलेली कुठली, हे मला माहीत असतं, उपकरणाला नाही.

अहवाल पीडीएफमध्ये निघतो आणि फार लांब होतो. डॉक्टरांना द्यायच्या आधी ‘सारांश’ निवडा, त्यात डोसचा पट्टा, तपासण्या आणि शेवटच्या काही महिन्यांची लक्षणं एका पानावर येतात. दुर्दैवाने सुरुवातीची तारीख त्या पानावर छापली जात नाही, निदानाचीच छापली जाते. मी ती वर पेनाने लिहिते.

ज्यांचा आजार नुकताच सुरू झाला आहे त्यांच्यासाठी हे अ‍ॅप सगळ्यात कामाचं आहे, कारण तारखा अजून ताज्या असतात. ज्यांना होऊन वर्षं झाली आणि औषधही बंद आहे, त्यांना साधी वही पुरेल. पाचपैकी साडेतीन तारे देते. वर्गणी संपली तरी आपल्या सगळ्या नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये (रकान्यांच्या साध्या तक्त्यात) उतरवून घेता येतात आणि त्या फाइलमध्ये दोन्ही तारखा वेगवेगळ्या रकान्यांत येतात, हे मी उघडून पाहिलं आहे.